दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये एआय एजंटकडून ब्लॉक-जोडणी

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये एआय एजंटकडून ब्लॉक-जोडणी : स्क्रॅच, ब्लॉकली, ॲप इन्व्हेंटर यांसारख्या ठोकळे ओढून प्रोग्रॅम रचण्याच्या साधनांत, वापरणाऱ्याची साध्या भाषेतील सूचना घेऊन एआय एजंटने (सूचनेवरून स्वतः कृती करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने) स्वतः ब्लॉक (ठोकळे) ठेवणे, जोडणे, बदलणे वा काढणे. केवळ कोड सुचवणारा सहायक या व्याख्येत बसत नाही. रचनेत थेट हात घालण्याची मुभा येथे निर्णायक होय.

पूर्वेतिहास : दृश्य प्रोग्रॅमिंगचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. विल्यम सदरलंड यांच्या एमआयटीतील १९६६ च्या प्रबंधापासून तो मोजण्याची प्रथा आहे. परंतु तेथील पद्धत आकृत्या रेषांनी जोडण्याची होती. एकमेकांत बसणारे ठोकळे एफ्राइम ग्लिनर्ट यांच्या १९८६ च्या सुमाराच्या ‘ब्लॉक्स’ या रचनेत स्पष्ट दिसतात. काही अभ्यासक त्याहून नंतरच्या लोगोब्लॉक्सला (१९९० च्या दशकाचा मध्य) मान देतात, कारण स्क्रॅचची (२००७) वंशावळ तिकडे जाते. प्रस्तुत विषयापुरता ग्लिनर्ट यांचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो : एजंटला बंधन घालते ते ठोकळ्याच्या आकारातच असते.

यंत्राने रचना करण्याचा उगम शोधताना डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांच्या ‘पिग्मॅलियन’चा (१९७५) दाखला दिला जातो. त्यात माणूस कृती करून दाखवी आणि यंत्र ती टिपून घेई. मात्र वाक्यातून प्रोग्रॅम घडवण्याची सोय त्यात नव्हती, म्हणून त्याला दूरचा पूर्वज म्हणणेच योग्य. आजच्या अर्थाने ही पद्धत २०२० च्या दशकातील आहे. एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटर गटाच्या ‘ॲप्टली’त वर्णनापासून आधी मजकुरी कोड आणि त्यापासून ब्लॉक तयार होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केल्यावर एजंटला बाहेरच्या साधनांशी जोडण्याची एक सामाईक रीत मिळाली.

कार्यपद्धती : एजंट तीन वाटांनी ब्लॉक घालू शकतो. पहिली वाट पडदा पाहून माणसाप्रमाणे माउसने ओढण्याची. ती संथ असून नेम चुकण्याचा संभव राहतो. दुसरी प्रकल्पाची फाइल थेट लिहिण्याची. स्क्रॅच ३ ची फाइल म्हणजे एक झिप संच असून त्यातील जेसन (माहिती नाव-मूल्य जोड्यांत लिहिण्याची रीत) मजकुरात प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र ओळखचिन्ह, ऑपकोड (ब्लॉकचा प्रकार सांगणारे सांकेतिक नाव) आणि ‘नेक्स्ट’ (पुढचा ब्लॉक) व ‘पॅरेंट’ (ज्याला तो जोडला आहे तो ब्लॉक) असे दुवे असतात. हे दोन्ही दुवे परस्परांशी जुळावे लागतात. शिवाय आकाराचे नियम संपादकाच्या पडद्यावर पाळले जातात, मजकुरात नव्हे. ‘फॉरएव्हर’ (पोटातले ठोकळे अखंड पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या) ब्लॉकला खाली खाच नाही, म्हणून हाताने त्याखाली काही जोडता येत नाही. फाइलीत मात्र तसा दुवा लिहिता येतो. तिसरी वाट ब्लॉकलीसारख्या ग्रंथालयाच्या (तयार कोडच्या संचाच्या) आज्ञा वापरण्याची. येथे न जुळणारी जोडणी ग्रंथालयच नाकारते, त्यामुळे हीच वाट अधिक भरवशाची. ऑपकोड संपादकाच्या भाषेवर अवलंबून नसल्याने मराठी सूचनेतून आलेला ब्लॉक आणि इंग्रजीतून आलेला ब्लॉक फाइलीत एकच असतो.

नागपूरमधील संदर्भ : नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब (२०१६ पासून, इयत्ता ६ वी ते १२ वी) असलेल्या शाळांत ब्लॉक-कोडिंग परिचयाचे आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. म्हणून पाणीपातळीच्या इशाऱ्याचे उदाहरण येथे सोयीचे ठरते. समजा, विद्यार्थ्याने लिहिले : ‘पाणी सांडव्यापर्यंत आलं की भोंगा वाजव.’ एजंटने ‘इफ’ (अट तपासणारा) ब्लॉक, तुलनेचा षट्‌कोनी ब्लॉक आणि ध्वनीचा ब्लॉक अचूक बसवले, पण ‘इफ’ला ‘फॉरएव्हर’च्या पोटात न घालता प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली थेट ठेवले, तर तपासणी एकदाच होईल आणि पाणी नंतर चढले तरी भोंगा मुका राहील. सगळे ठोकळे नीट बसलेले दिसतील. आकार व्याकरण राखतो, आशय राखत नाही.

शिक्षणविषयक मतभेद ठोकळा कोणी बसवावा या मुद्द्यावर आहे. एका पक्षाच्या मते एजंटमुळे नवशिक्या लवकर मोठ्या कल्पनेपर्यंत पोहोचतो. दुसऱ्याच्या मते ठोकळा कोठे बसेल याचा शोध हेच ब्लॉक-कोडिंगचे प्रयोजन, आणि तेच एजंटच्या हाती जाते. शालेय वापरात दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. निदान एजंटने प्रथम रिकामी चौकट ठेवून आतला ठोकळा विद्यार्थ्यावर सोडावा, हा मधला मार्ग व्यवहार्य आहे.

नियंत्रण : ब्लॉकलीत अनेक बदलांच्या नोंदी एका गटात बांधता येतात, म्हणून एजंटची सगळी भर एकाच ‘पूर्ववत करा’ने मागे घेता येते. फाइल थेट लिहिणाऱ्या एजंटच्या बाबतीत ही सोय उरत नाही. तेथे आधीच्या फाइलीची प्रत वेगळी ठेवावी लागते.