कुत्रा आणि पाळीव ससा यांची ओळख

घरात आधीपासून असलेल्या कुत्र्याला नव्याने आणलेल्या सशाची टप्प्याटप्प्याने आणि सतत देखरेखीखाली सवय करून देण्याची पद्धती. गिनीपिग, हॅमस्टर अशा लहान प्राण्यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते. दोघांची मैत्री जुळवणे हा तिचा उद्देश मानणे योग्य नाही. कुत्र्याने सशाकडे दुर्लक्ष करावे आणि सशाने कुत्र्याच्या वासाने वा आवाजाने भिऊन खाणे सोडू नये, एवढे साधले तरी ते पुरेसे आहे.

भक्ष्यावर टक लावणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे अशी कुत्र्याच्या शिकारीची साखळी असते. निवडक पैदाशीतून माणसाने तिच्या निरनिराळ्या कड्या बळकट वा दुबळ्या केल्या : मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये टक लावणे व पाठलाग टिकला, टेरियर उंदीर-घुशी मारण्यासाठी वाढवले गेले, तर महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कारवान कुत्री रानसशांच्या पाठलागासाठीच जोपासली गेली. तरीही जातीवरून केवळ अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. वयाचाही प्रभाव मोठा असतो. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीचा म्हणून मांडला आहे. या काळात सशांच्या सहवासात वाढलेल्या पिल्लाला पुढे त्यांची सवय करणे सोपे जाते.

सुरुवातीचे काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवतात आणि सशाच्या अंथरुणातला कपडा कुत्र्याजवळ व कुत्र्याचा सशाजवळ ठेवून केवळ वासाची ओळख होऊ देतात. त्यानंतर कुत्र्याला भरपूर फिरवून आणून, पट्टा लावून, जाळीच्या पलीकडे असलेल्या सशापासून बऱ्याच अंतरावर बसवतात. सशाकडे पाहून त्याने आपणहून मालकाकडे नजर वळवली, की लगेच खाऊ देतात. भेट पाचेक मिनिटांचीच असावी, शक्यतो दोन माणसे हजर असावीत, आणि कुत्रा उत्तेजित होण्याआधीच ती संपवावी. अंतर कमी करत नेण्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पिंजऱ्यात स्वस्थ बसलेल्या सशापुढे शांत राहणारा कुत्रा तोच ससा धावू लागताच झेपावू शकतो, म्हणून जाळीआड ससा मोकळा बागडत असतानाही कुत्र्याचे वर्तन पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

या साऱ्यात सर्वांत घातक चूक म्हणजे कुत्र्याच्या स्तब्धतेला शांतपणा समजणे. तोंड मिटलेले, अंग ताठ, एक पुढचा पाय किंचित उचललेला, नजर सशावर खिळलेली आणि नाकाशी धरलेला खाऊही नको, अशी अवस्था दबा धरल्याची असते. शेपूट हलत असली तरी या अवस्थेचा अर्थ बदलत नाही. अशा वेळी कुत्र्याला न ओरडता तेथून दूर न्यावे. शिक्षा केल्यास ससा दिसणे म्हणजे काहीतरी वाईट घडणे, अशी सांगड त्याच्या मनात बसते.

सशाच्या बाजूचा विचार मात्र अनेकदा राहूनच जातो. भेदरलेला ससा सहसा ओरडत नाही. तो गोठल्यासारखा बसतो, कान पाठीला चिकटवतो, मागचा पाय जमिनीवर आपटतो. त्याची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू बळकट असल्यामुळे घाबरून मारलेल्या उडीतही त्याचा कणा मोडू शकतो. भीतीमुळे त्याचे खाणे थांबले तर आतड्यांची हालचाल मंदावते, आणि दहा-बारा तास काहीच न खाणे ही तातडीची स्थिती मानली जाते. म्हणून त्याला लपण्यासाठी दोन तोंडांचे खोके आणि कुत्र्याला पोहोचता येणार नाही अशी जागा कायम हवी. कुत्र्याला मुसके बांधणे हा पुरेसा उपाय नव्हे, कारण पंजाचा फटका आणि भीती ही दोन्ही त्याने टळत नाहीत.

कुत्र्यांच्या श्वसनमार्गातील बोर्डेटेला हा जिवाणू गिनीपिगांमध्ये न्यूमोनिया उत्पन्न करू शकतो, त्यामुळे गिनीपिगांच्या बाबतीत थेट संपर्क टाळणेच इष्ट. कुत्र्याचा दात लागून झालेली जखम वरून टिचभर दिसली तरी आतली इजा मोठी असू शकते, म्हणून सशाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते. काही कुत्र्यांना कितीही सराव दिला तरी ही सवय लागत नाही. त्यांच्या घरी ससा ठेवायचाच असेल तर दोघांच्या मध्ये कायम बंद राहणारे दार असावे लागते.