ब्रिटनमधला हायर रेट आणि मागितल्याशिवाय न मिळणारा परतावा

भारतात नोकरी केलेल्या माणसाला रिफंड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जुलैत रिटर्न भरायचं, २६एएसशी (कापलेल्या कराच्या विवरणाशी) आकडे जुळवायचे, जास्त गेलेला कर खात्यात जमा होतो. हीच सवय घेऊन ब्रिटनला आलेला माणूस फसतो, कारण इथले बहुतेक पगारदार रिटर्न भरतच नाहीत. पगारातून कर कापला गेला, वर्षाअखेरी पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला) हातात आला की विषय संपला असं वाटतं. उत्पन्न ५०,२७० पौंडांच्या आत असेल तर तो बहुधा संपलेलाही असतो. त्यापुढे ४० टक्क्यांच्या, म्हणजे ‘हायर रेट’च्या पट्ट्यात गेलेल्यांचे पेन्शन आणि देणग्यांवरच्या करसवलतीचे पैसे मात्र अडकून राहतात, आणि याचं मूळ बरंच जुनं आहे.

इंग्लंडमधला आयकर १७९९चा, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी लावलेला. १८०३मध्ये तो उगमापाशीच कापून घेण्याची युक्ती निघाली. सगळ्यांना एकच दर असेल तर ही युक्ती उत्तम चालते, कारण पैसे देणाऱ्याला घेणाऱ्याची एकूण मिळकत ठाऊक असण्याची गरज नसते. १९०९च्या अर्थसंकल्पात ५,००० पौंडांवर मिळकत असलेल्यांना ‘सुपर टॅक्स’ लागला, तो या यंत्रात बसेना. तेव्हा नेहमीचा दर उगमापाशी कापायचा आणि वरचा हिशेब त्या माणसाशी थेट करायचा, असं ठरलं. (हाच सुपर टॅक्स १९१७ला भारतातही आला.) १९४४पासून पगारातून दरमहा कर कापण्याची आजची पद्धत सुरू झाली, १९७३मध्ये दोन्ही कर एकत्र होऊन ‘बेसिक रेट’ (नेहमीचा दर, आता २० टक्के) आणि ‘हायर रेट’ (वरचा दर) हे शब्द रुळले आणि १९८८मध्ये वरच्या सगळ्या दरांच्या जागी एकच ४० टक्के राहिला. कर एकत्र झाले, पण सवलती देणारं यंत्र बेसिक रेटवरच थांबलं. वरचा कर जसा थेट वसूल होत असे, तशी वरची सवलत अजूनही थेट मागावी लागते.

१९८३नंतर घरकर्जाच्या व्याजाची सवलत अशीच दोन तुकड्यांत मिळायची. १९९१ला हायर रेटचा तुकडा बंद झाला, २०००मध्ये सगळीच सवलत गेली. १९९०पासूनच्या गिफ्ट एडचाही (देणग्यांवरच्या करसवलतीच्या योजनेचाही) सांगाडा तोच. तुमचं मराठी मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल आणि गणेशोत्सवाला १०० पौंड देणगी देताना तुम्ही गिफ्ट एडचा फॉर्म भरला असेल, तर मंडळाला सरकारकडून आणखी २५ मिळतात आणि हायर रेटवाल्या देणगीदाराला स्वतःसाठी २५ मागता येतात. मंडळं आपले २५ न विसरता घेतात. देणगीदारांपैकी मागणारे मी फारसे पाहिलेले नाहीत.

खरा गुंता पेन्शनचा, आणि त्यातही शब्दांचा. पेन्शन योजनेत पगारातून वर्गणी जाण्याच्या मुख्य पद्धती दोन: ‘नेट पे’ आणि ‘रिलीफ ॲट सोर्स’. पेस्लिपच्या तळाशी ‘नेट पे’ लिहिलेलं असतं ती हातात पडणारी रक्कम. पेन्शनवाल्यांची ‘नेट पे’ पद्धत मात्र नेमकी उलटी आहे. तिच्यात वर्गणी ग्रॉस पगारातून, कर लागायच्या आधी वजा होते. त्यामुळे ४० टक्के भरणाऱ्याला पूर्ण ४० टक्के सवलत त्याच महिन्यात, आपोआप मिळते. ‘रिलीफ ॲट सोर्स’ या शब्दांचा सरळ अर्थ उगमापाशी सवलत. पण तिच्यात वर्गणी कर कापून उरलेल्या, म्हणजे खरोखरीच्या नेट पगारातून जाते. पेन्शन कंपनी सरकारकडून बेसिक रेटपुरती २० टक्के सवलत मागून तुमच्या पेन्शन खात्यात भरते आणि उरलेले २० टक्के कुणीच मागत नाही. ही दोन नावं एकमेकांशी अदलाबदल केली, तर दोन्ही चपखल बसतात! कर खात्याच्या जागी उभं राहिलं तर ‘नेट पे’ला अर्थ आहे (वर्गणी वजा जाता उरलेल्या पगारावर कर), पण पगारदार त्या जागी उभा नसतो.

रेडिंगमधल्या एका मित्राची पेस्लिप स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून आम्ही हे पाहिलं. पगार वर्षाला ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. त्याखाली ‘टॅक्सेबल पे’ ५,०००. त्याच्याही खाली पेन्शन ४००. टॅक्सेबलचा आकडा पगाराएवढाच आहे, म्हणजे वर्गणी करानंतर गेली. त्याने एचआरला पूर्वी विचारलं होतं. उत्तर आलं, “रिलीफ ॲट सोर्स आहे, सवलत मिळालेलीच आहे.” ऐकणाऱ्याने आणखी काय समजावं? ४००वर कंपनी १०० मागून घेते, वर्षाची ग्रॉस वर्गणी होते ६,०००, आणि तेवढ्यावरचे २० टक्के, म्हणजे १,२०० पौंड, दरवर्षी पडून राहत होते. पगार ५२,०००च असता तर मर्यादेवरच्या १,७३० पौंडांपुरतीच, म्हणजे ३४६ पौंड जादा सवलत मिळाली असती. ‘वर्गणीच्या २० टक्के परत’ असं सरसकट सांगणारे हे गाळतात.

मित्राची सहा वर्षं गेली होती, परत मिळाली चारच वर्षांची. २०१०पूर्वी दाव्याला करवर्ष संपल्यावर जवळपास ५ वर्षं १० महिने मिळत, आता सरळ ४ वर्षं. कर खात्याला मात्र करदात्याचा निष्काळजीपणा दिसला तर ६ वर्षं आणि मुद्दाम लपवाछपवी दिसली तर २० वर्षं मागे जाता येतं.

२०१२पासून नोकरदारांना पेन्शन योजनेत आपोआप घेतलं जाऊ लागलं आणि सरकारी पाठबळावर उभी राहिलेली मोठी योजना रिलीफ ॲट सोर्सचीच निघाली. सही न करता आत आलेल्याला दावा करायचा असतो हे कोण सांगणार? शिवाय हायर रेटची मर्यादा २०२१पासून ५०,२७०वर गोठलेली आहे, आणि ती आता २०३१पर्यंत तशीच राहणार आहे. पगार महागाईने वाढले तरी माणसं या पट्ट्यात ढकलली जातात. श्रीमंतांना ही सवलत द्यावीच का, यावर २०१५मध्ये सरकारने मतं मागवली आणि २०१६मध्ये विषय गुंडाळला. तो वाद खोटा नाही. नेट पे योजनेतल्या, कर न लागणाऱ्या कमी पगारवाल्यांची, रिलीफ ॲट सोर्समध्ये मिळाली असती ती २० टक्के भर बुडत होती, ती भरून काढायची सोय २०२४-२५च्या वर्गणीपासूनच झाली.

स्कॉटलंडचा हिशेब वेगळा: हायर रेट ४२ टक्के, तोही ४३,६६२ पौंडांनंतर. पेन्शन कंपनी तिथेही २० टक्केच मागते, म्हणून दावा २२ टक्क्यांचा.

न मागितलेल्या पैशांवर दलाल जमतातच. कामाच्या खर्चाचे दावे करून देणाऱ्या काही दलालांनी फॉर्मच्या बारीक अक्षरांत परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घेतला. असे करार १५ मार्च २०२३पासून रद्दबातल आहेत. पेन्शनचा दावा पूर्वी फोनवरही होत असे. २०२५च्या सप्टेंबरपासून तो ऑनलाइन किंवा पत्राने, पुराव्यासकट करावा लागतो. म्हणून पेन्शन कंपनीचं वार्षिक विवरणपत्र जपून ठेवावं.

दावा मंजूर झाला की मागच्या वर्षांचे पैसे परत येतात आणि चालू वर्षाची सवलत टॅक्स कोडमध्ये जाते (त्यातला आकडा दहापट केला की वर्षाची करमुक्त रक्कम कळते). मित्राचा १२५७चा कोड १५५७च्या आसपास गेला. जादा ३,००० पौंडांवर ४० टक्के कर वाचतो, ते तेच १,२००. पण कोडातला आकडा अंदाजाचा असतो. नोकरी बदलली, नवी योजना नेट पे निघाली आणि कळवायचं राहून गेलं, तर सवलत दुहेरी मिळत राहते आणि पुढच्या वर्षी तेच १,२०० पौंड थकबाकी म्हणून मागणारं पत्र येतं.