एफओपन : सी भाषेत फाईल प्रवाहरूपाने उघडणे

डिस्कवरची फाईल, टर्मिनल किंवा एखादे साधन प्रोग्रॅमला वाचता-लिहिता यावे म्हणून ते प्रवाहाशी (स्ट्रीम) जोडून देण्याची क्रिया. प्रवाह म्हणजे एकापाठोपाठ एक येणाऱ्या बाइट्सची रांग. हे काम ‘एफओपन’ हे फंक्शन करते. त्याला दोन स्ट्रिंग द्यायच्या असतात, फाईलचे नाव आणि मोड. काम झाले तर ‘फाईल’ या प्रकाराचा पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) मिळतो, फसले तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. स्टडइन (आदान), स्टडआउट (प्रदान) आणि स्टडएर (त्रुटीसंदेश) हे तीन प्रवाह प्रोग्रॅम सुरू होतानाच उघडलेले असतात.

संज्ञा व उगम : ‘स्ट्रीम’ हा शब्द सीपेक्षा जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६५ च्या सुमारास तो वापरला, पण त्यांचा अर्थ वेगळा होता : गरज पडेल तेव्हाच पुढचा घटक तयार करणारी यादी. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत वाचन-लेखनासाठी प्रवाहाची कल्पना आहे. ऑक्सफर्डमध्ये स्ट्रेची व स्टॉय यांनी बीसीपीएलमध्येच लिहिलेल्या ओएस-६ या प्रणालीने (वर्णन प्रसिद्ध १९७२) ती बरीच पुढे नेली. सीची वंशावळ बीसीपीएल, बी, सी अशी असल्याने शब्दही त्याच वाटेने आला असावा, हे मत सहज सुचते. मात्र बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीची (१९७९) माहितीपुस्तिका ज्या फाईलला बफर (बाइट्स तात्पुरते साठवण्याची स्मृतीतील जागा) जोडलेला आहे तिला स्ट्रीम म्हणते. या व्याख्येचा केंद्रबिंदू बफर आहे, रांग नव्हे. म्हणून शब्द उसना असला तरी कल्पना बेल लॅब्जमध्ये स्वतंत्रपणे वाढली, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

एफओपन हे नावही आजच्या स्वरूपाआधीचे आहे. सहाव्या आवृत्तीत (१९७५) या नावाचे फंक्शन होते, पण त्यात मोड नव्हता आणि पॉइंटरही परत मिळत नसे. प्रोग्रॅमरने स्वतः ५१८ बाइट्सची जागा राखून तिचा पत्ता द्यायचा. त्यात फाईल क्रमांक, उरलेल्या बाइट्सची संख्या आणि पुढच्या बाइटचा पत्ता यांना पीडीपी-११ या संगणकावर प्रत्येकी २ बाइट्स लागत. उरलेले ५१२ बाइट्स म्हणजे बफर. हे एफओपन केवळ वाचण्यासाठी होते, लिहिण्यासाठी वेगळे ‘एफक्रिएट’ असे. दरम्यान माइक लेस्क यांनी इतर यंत्रांवरही चालेल असा आदान-प्रदान संच लिहिला. सीचे निर्माते डेनिस रिची आपल्या इतिहासलेखात त्यासाठी लेस्क यांच्या १९७२ च्या टिपणाचा हवाला देतात आणि पुढे याच संचाला नवे रूप देऊन प्रमाणभूत आदान-प्रदान फंक्शने झाली, असे सांगतात. आजचे एफओपन सर्वत्र पोहोचले ते सातव्या आवृत्तीबरोबर. तेथे ‘फाईल’ हा मूळ प्रकार नसून एका स्ट्रक्चरला दिलेले मॅक्रो-नाव होते. रोमन लिपीत ते मोठ्या अक्षरांत लिहायची रीत तेव्हापासूनची. (रिची यांनी १९८४ मध्ये ‘स्ट्रीम’ याच नावाने वर्णिलेली, युनिक्सच्या गाभ्यातील यंत्रणा वेगळी आहे.)

मोड : ‘आर’ने फाईल वाचण्यासाठी उघडते आणि ती आधीपासून असावी लागते. ‘डब्ल्यू’ नसलेली फाईल तयार करतो. असलेली फाईल उघडताक्षणी शून्य लांबीची होते. पुढे एकही बाइट लिहिला नाही तरी जुना मजकूर गेलेलाच असतो. ‘ए’ शेवटी भर घालतो. ‘प्लस’ जोडले की वाचणे व लिहिणे दोन्ही करता येते : ‘आर प्लस’मध्ये मजकूर शाबूत राहतो, ‘डब्ल्यू प्लस’मध्ये पुसला जातो आणि ‘ए प्लस’मध्ये वाचन कुठूनही करता येते, पण लिहिलेले शेवटीच जाते. आधी एफसीक या फंक्शनने फाईलमधील जागा बदलली तरीही.

‘प्लस’च्या मोडमध्ये एक नियम हमखास राहून जातो. लिहून झाल्यावर लगेच वाचता येत नाही. मध्ये एफफ्लश (बफरमधील बाइट्स बाहेर पाठवणारे फंक्शन), एफसीक, एफसेटपॉस किंवा रिवाइंड यांपैकी एक बोलवावे लागते. उलट दिशेने, वाचल्यावर लिहिण्याआधी, जागा निश्चित करणारे फंक्शन (एफसीक, एफसेटपॉस किंवा रिवाइंड) हवे. फाईलचा शेवट लागला असेल तरच ते टाळता येते. दोन्ही कामांना बफर एकच असल्यामुळे हा नियम आहे. तो मोडला तर काय होईल याची सी भाषेचे मानक हमी देत नाही, आणि एका कंपायलरवर बरोबर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नोंदींची सरमिसळ करतो.

चुकून फाईल पुसली जाऊ नये म्हणून आधी ‘आर’ने उघडून पाहायची प्रथा होती. ती सुरक्षित नाही : तपासणे आणि ‘डब्ल्यू’ने उघडणे यांच्यामध्ये दुसरा प्रोग्रॅम तीच फाईल तयार करू शकतो. २०११ च्या मानकाने (सी११) ‘डब्ल्यू’ला जोडायचे ‘एक्स’ हे अक्षर आणले. फाईल आधीच असेल तर उघडणे फसते.

मजकूर व बायनरी : युनिक्स कुळात ‘बी’ अक्षराने काही बदलत नाही. विंडोज आणि डॉसवर बदलते. तेथे मजकूर मोडमध्ये लिहिताना ओळीअखेरचा बाइट १० हा १३ व १० अशा जोडीने डिस्कवर जातो, वाचताना जोडीचा पुन्हा एक होतो. शिवाय वाचताना बाइट २६ (कंट्रोल-झेड) आला की फाईल संपली असे धरले जाते. हा सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा आहे : त्या प्रणालीत फाईलची लांबी १२८ बाइट्सच्या पटीत मोजली जाई, म्हणून मजकूर नेमका कुठे संपतो ते दाखवायला खुणेची गरज होती.

विद्यार्थ्यांच्या नोंदींचे नेहमीचे उदाहरण घ्यावे. नोंदी स्ट्रक्चरमध्ये असून पहिल्या रकान्यातील हजेरी क्रमांक १ पासून एकेकाने चढते आहेत आणि बाकीच्या रकान्यांत १० वा २६ हे बाइट नाहीत. फाईल ‘डब्ल्यू बी’ने लिहून ‘आर’ने वाचली तर २५ नोंदी नीट येतात आणि २६ व्या क्रमांकापाशी वाचन थांबते. ‘डब्ल्यू’ने लिहून ‘आर बी’ने वाचली तर दहाव्या नोंदीपूर्वी एक जादा बाइट शिरतो आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद एक घर सरकते. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी या कंपायलरमध्ये मोडमध्ये ‘बी’ किंवा ‘टी’ अक्षर दिले नाही तर ‘एफमोड’ हे जागतिक चल निर्णय करी, आणि ते मुळात मजकूर मोडवर असे. दोष प्रोग्रॅमच्या तर्कात शोधला जातो, तो असतो एका अक्षराचा.

बफर : उघडलेली वस्तू परस्पर संवाद साधणारे साधन नाही असे ठरवता आले, तरच प्रवाहाला पूर्ण बफर मिळतो. मानकानुसार बफसिझ (बफरचा ठरलेला आकार, बाइट्समध्ये) किमान २५६ असावे लागते. लिनक्सवरील ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ते ८१९२ आहे. स्वतःचा बफर सेटव्हीबफने देता येतो, पण उघडल्यानंतर आणि पहिल्या वाचन-लेखनाआधीच. असा बफर फंक्शनमधील स्थानिक ॲरे असेल तर फंक्शन संपण्याआधी प्रवाह बंद केला पाहिजे.

अपयश : परत मिळालेला पॉइंटर नल आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इफच्या अटीतच उघडणे व तुलना लिहिताना असाइनमेंटला स्वतंत्र कंस हवा. तो नसेल तर तुलना आधी होते आणि पॉइंटरमध्ये ० किंवा १ जाऊन बसतो. कारण कळण्यासाठी लगेच पेरर हे त्रुटीसंदेश छापणारे फंक्शन बोलवावे. लिनक्सवर एररनो (त्रुटीचा क्रमांक) २ म्हणजे फाईल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे प्रक्रियेने फार फाईली उघड्या ठेवल्या. २४ बहुधा लूपमध्ये उघडलेली फाईल बंद न केल्याने येतो. मानक किमान ८ प्रवाहांची हमी देते, त्यांत पहिले तीन धरलेले आहेत. लिनक्सवर डिरेक्टरी ‘आर’ने उघडली तर एफओपन यशस्वी होते, अपयश पहिल्या वाचनाला कळते.

विंडोजवर मार्ग लिहिताना उलट्या तिरक्या रेघेनंतर एन किंवा टी आले की त्यांची नवी ओळ वा टॅब होते. रेघ दोनदा लिहावी किंवा सरळ तिरकी रेघ वापरावी; विंडोज तीही स्वीकारते.

देवनागरी नावे व मजकूर : विंडोजचे एफओपन नावाचा अर्थ चालू कोडपेजनुसार (बाइट आणि अक्षर यांच्या जुळणीचा तक्ता) लावते, आणि असे चालू ठेवता येईल असे देवनागरीचे जुन्या पद्धतीचे कोडपेज विंडोजने दिलेलेच नाही. त्यामुळे मराठी नावाची फाईल समोर दिसत असूनही उघडत नाही. उपाय म्हणजे ‘डब्ल्यूएफओपन’ (आधी अधोरेखा), किंवा विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतची माहिती-फाईल) यूटीएफ-८ कोडपेज जाहीर करणे. लिनक्सवर नाव म्हणजे केवळ बाइट्स, तिथे ही अडचण नाही.

मजकुरात ‘पुणे’ हा शब्द प, उकार, ण, मात्रा असे चार संकेत आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट्स घेतो. ओळ वाचणाऱ्या एफगेट्सला ८ बाइट्सचा ॲरे दिला तर ७ वाचले जातात : ‘पु’ पूर्ण येतो, ‘ण’चा पहिला बाइट येतो आणि उरलेले दोन पुढच्या वेळी. मध्येच छापले तर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. फाईलच्या आरंभी बाइटक्रम-खुणेचे (बीओएम) तीन बाइट्स असतील तर तेही वाचनात येतात, आणि पहिल्या ओळीचीच तुलना जुळत नाही.

बंद करणे : एफक्लोज बफरमधील उरलेले बाइट्स बाहेर पाठवते. डिस्क भरली असेल तर अपयश अनेकदा इथेच उघड होते, कारण तोवर लेखन फक्त स्मृतीत झालेले असते. म्हणून महत्त्वाच्या फाईलसाठी एफक्लोजचे उत्तर शून्य आले का, हे तपासावे. बंद केलेला पॉइंटर पुन्हा वापरणे किंवा दुसऱ्यांदा बंद करणे अवैध आहे. प्रोग्रॅम मेनमधून परतला किंवा एक्झिटने संपला तर उघडे प्रवाह आपोआप बंद होतात. तो अबॉर्टने वा कोसळून थांबला तर बफरमधील शेवटचा भाग डिस्कवर पोहोचेलच असे नाही, आणि लॉग फाईलमध्ये नेमक्या कोसळण्याआधीच्या ओळी सापडत नाहीत. अशा फाईलला प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश लावतात. एफफ्लशने बाइट्स ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातात; वीज गेली तरी ते टिकावेत यासाठी पॉसिक्स (युनिक्ससारख्या) प्रणालींवर नंतर एफसिंकही बोलवावे लागते.