अणू आणि रेणू: फरक नुसता लहान-मोठ्याचा नाहीये

अणू आणि रेणू यात फरक काय असं कुणालाही विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, अणू छोटा आणि रेणू मोठा, अणू एकत्र आले की रेणू झाला. पाठ करायला सोपं आहे म्हणून ते डोक्यात पक्कं बसतं, पण आकारावर किंवा वजनावर जायला लागलं की गडबड होते. हायड्रोजनच्या अणूचं वजन १ धरलं तर युरेनियमचा अणू साधारण २३८ भरतो आणि पाण्याचा अख्खा रेणू फक्त १८. म्हणजे इथे अणूच रेणूच्या तेरा पट जड निघाला, मग छोटा कोण?

खरं तर हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. रासायनिक क्रियेत कशाचे तुकडे होत नाहीत, असं विचारलं तर उत्तर अणू. एकत्र बांधलेलं राहून एकच युनिट म्हणून काय फिरतं, असं विचारलं तर उत्तर रेणू. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या जोड्यांनी फिरतो आणि ओझोनमध्ये तेच अणू तीन-तीनच्या गटात असतात, अणू अगदी तोच, पण एकावर आपण जगतो आणि दुसरा फुफ्फुसांना त्रास देतो. त्यामुळे 'हवेतले ऑक्सिजनचे अणू' असं कुणी लिहिलं की मला खटकतं, हवेत फिरतात ते रेणू.

आता शब्दांचा गोंधळ. आपल्याकडे जुना शब्द परमाणू. वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं आणि तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू पण म्हणतात, खिडकीतून ऊन आत आलं की त्या तिरिपेत जो धूलिकण तरंगताना दिसतो तो हा. म्हणजे रेणू मुळात धुळीचा कण, डोळ्याला दिसणारा. तुकोबा 'अणुरेणुया थोकडा' म्हणतात तिथे अणू आणि रेणू यांच्यात काही शास्त्रीय फरक करायचा नाहीये, दोन्ही मिळून 'अगदी सूक्ष्म' एवढंच. पुढे विज्ञानाची परिभाषा ठरली तेव्हा मराठीत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू आलं, हिंदीत मात्र ॲटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु! म्हणून आपली अणुऊर्जा तिकडे परमाणु ऊर्जा होते, आणि हिंदीतला 'जल का अणु' मराठीत आणताना पाण्याचा रेणू करायला लागतो. हिंदी व्हिडिओ बघून मराठीत नोट्स काढणारे इथे हमखास अडकतात आणि त्यात त्यांची चूक नाही, शब्द तोच आणि वस्तू वेगळी.

पण असा गोंधळ फक्त आपल्या भाषांमध्ये झाला असं समजू नका, युरोपातल्या रसायनशास्त्रात तो जवळपास पन्नास वर्षं चालला आणि त्याने काम अक्षरशः अडवून ठेवलं. ॲटम ग्रीकमधून आला, अर्थ 'जो कापता येत नाही तो'. मॉलिक्यूल लॅटिनमधून, अर्थ 'छोटासा गोळा किंवा पुंजका'. यातल्या कुठल्याच शब्दात आजचा नेमका अर्थ नव्हता, ज्याला जो हवा तो वापरायचा. इंग्लंडच्या जॉन डाल्टन या शास्त्रज्ञाने १८०८ साली पुस्तक काढलं त्यात तो संयुगाच्या कणालाही ॲटमच म्हणतो, पाण्याचा ॲटम वगैरे, फक्त आधी 'कम्पाउंड' हे विशेषण लावायचा.

खरी अडचण काय होती ते पाण्यावरूनच बघू. डाल्टनचं म्हणणं होतं की दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर सगळ्यात साधा हिशोब धरायचा, एकास एक, म्हणजे पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. ९ ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, मग ऑक्सिजनचा अणू ८ पट जड ठरतो (हे आकडे आजच्या मोजमापाचे, डाल्टनचा स्वतःचा तेव्हा ७ येत होता). तेवढ्यात फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने वायूंची आकारमानं मोजली आणि दिसलं असं की दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर वाफ होते. आता सारख्याच तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात सारखेच कण असतात असं धरलं, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण तयार झाले, म्हणजे ऑक्सिजनचा कण मधोमध तुटला. आणि डाल्टनच्या मते तो तर अणू, तो तुटणारच कसा? त्याने सरळ गे-ल्युसॅकच्या मोजमापावरच शंका घेतली.

१८११ मध्ये इटलीचा आमेदेओ आव्होगाद्रो म्हणाला की कण तुटतोय हे बरोबरच आहे, कारण तो अणू नाहीच, ती दोन अणूंची जोडी आहे. एवढंच! एका वाक्यात डाल्टनचं 'अणू तुटत नाही' पण बरोबर आणि गे-ल्युसॅकची मोजमापं पण बरोबर. जोडी तुटली, अणू नाही तुटला, पाणी झालं दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनचा अणू ८ वरून १६ वर गेला. मला हा रसायनशास्त्रातला सगळ्यात सुंदर युक्तिवाद वाटतो, नवीन एकही प्रयोग न करता नुसता फरक ओळखून सोडवलेला. पण त्याने शब्द मात्र वेगळे केले नाहीत, तो लहान-मोठ्या सगळ्याच कणांना मॉलिक्यूल म्हणतो आणि पुढे वेगवेगळी विशेषणं लावतो, वाचणाऱ्याला कुठला कुठे हे शोधत बसावं लागतं. शिवाय एकसारखे दोन अणू एकमेकांना चिकटतील हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं, डाल्टनच्या मते वायूतले सारखे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि स्वीडनचा केमिस्ट बर्झेलियस म्हणायचा की सारख्या विद्युतभाराचे अणू जवळ येणारच नाहीत.

मग पुढे कुणी ऑक्सिजन ८ धरायचं, कुणी १६, त्यामुळे एकाच पदार्थाची सूत्रं माणसागणिक बदलायची. जर्मन केमिस्ट केकुलेने १८६१ च्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तोपर्यंत वापरात असलेली १९ सूत्रं दिली आहेत, एकाच आम्लाची! याच वैतागातून सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला केमिस्ट लोकांची परिषद भरली आणि तिथे चर्चेला ठेवलेला प्रश्नच हा होता की ॲटम आणि मॉलिक्यूल या शब्दांत फरक करायचा का. इटलीच्या कानिझ्झारोने आव्होगाद्रोची बाजू मांडली, त्याची पुस्तिका वाटली गेली, ती वाचून जर्मन केमिस्ट लोथर मायरला सगळं स्वच्छ दिसायला लागलं, आणि तिथेच हजर असलेला रशियाचा मेंडेलीव्ह पुढे १८६९ मध्ये आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, घेऊन आला. अणुभार, म्हणजे अणूंची तुलनेने वजनं, नीट ठरल्याशिवाय ती सारणी लागलीच नसती. आव्होगाद्रो मात्र १८५६ लाच गेला होता.

फरक ठरल्यावर सुद्धा तो लावायचा कसा हे दरवेळी सोपं नसतं. १८९४ मध्ये रॅली आणि रॅमसे या शास्त्रज्ञांना आर्गॉन वायू सापडला, घनता हायड्रोजनच्या २० पट, आणि हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा म्हणजे २ चा, म्हणून आर्गॉनचा रेणू ४० चा. पण अणू किती वजनाचा? रेणूत दोन अणू असतील तर २०, आणि सारणीत फ्लोरिन १९ आणि सोडियम २३ यांच्या मधे तो छान बसला असता. पण त्याच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर (दाब कायम ठेवून आणि आकारमान कायम ठेवून वायू तापवायला जी उष्णता लागते त्या दोन्हींचं) १.६७ च्या आसपास आलं आणि तसं फक्त एकट्या अणूंच्या वायूत येतं, म्हणजे अणूच ४० चा, आणि तिथे तर कॅल्शियम आधीच बसलेलं. मेंडेलीव्हला तर हा तीन-तीन अणूंचा नायट्रोजन असावा अशी शंका होती. शेवटी गुणोत्तरच खरं ठरलं, आर्गॉनमध्ये अणू आणि रेणू एकच. २० ची जागा नंतर १८९८ मध्ये निऑनने घेतली.

आणि याच्या उलट टोकाला मीठ. मिठाच्या स्फटिकात एका सोडियम आयनभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड आणि एका क्लोराइडभोवती सहा सोडियम, यातली कुठलीच जोडी एकमेकांची नाही, त्यामुळे 'मिठाचा एक रेणू' बोट ठेवून दाखवताच येत नाही. सूत्र लिहितो ते फक्त प्रमाण सांगतं, एकास एक. हिऱ्याचंही तसंच, कार्बनचे अणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बांधलेले, तिथे पण 'रेणू' न म्हणता नुसतं कार्बनचे अणू म्हटलेलं बरं.