हुद्दा वेगळा, रोल वेगळा: एचआर सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावं?

नवी मुंबईत महापे-रबाळेच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत नवं एचआर सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, की पहिल्याच मीटिंगला कोणीतरी एक्सेल शीट उघडतं. डाव्या रकान्यात एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर, जीएम. उजवीकडे ॲक्सेस. हुद्दा चढेल तशा टिकच्या खुणा वाढत जातात. शीट दिसते झकास, पण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच सुरू होतो.

हुद्दा म्हणजे माणसाचा कंपनीतला दर्जा. ऑफर लेटरवर, व्हिजिटिंग कार्डावर तो छापलेला असतो. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र तो कर्मचाऱ्याच्या नोंदीतला एक रकाना आहे, बस्स. रोल म्हणजे एखादं काम करायला लागणाऱ्या परवानग्यांचा संच: काय उघडता येईल, काय बदलता येईल, काय मंजूर करता येईल. परवानगी थेट माणसाला न देता रोलला द्यायची आणि रोल माणसाला, ही पद्धत १९९२ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी नीट मांडली. आजची बहुतेक एचआर सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटवल्या की काय होतं ते पे-रोलमध्ये लगेच कळतं. पे-रोल चालवणारी मुलगी हुद्द्याने ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह असते, पण तिला एमडींपासून सगळ्यांचे पगार दिसतात. दिसायलाच हवेत, नाहीतर टीडीएस आणि पीएफ कापणार कसा? उलट प्लांटच्या जीएमना अकाउंट्सच्या मॅनेजरचा पगार दिसायचं काही कारण नाही. "मी जीएम, आणि मलाच दिसत नाही?" हे एकदा तरी ऐकावं लागतंच. सोसायटीच्या पंप रूमची किल्ली वॉचमनकडे असते म्हणून चेअरमनचा मान कमी होत नाही, एवढं शांतपणे सांगावं आणि टिक काढून टाकावी.

मोठ्या हुद्द्याला 'सगळं द्या' म्हणण्यात खरा धोका पुढे आहे. समजा, "माझं बँक खातं बदललंय, या महिन्यापासून पगार इथे टाका" अशी मेल एचआरला आली. मेल खोटी आहे. खाते क्रमांक बदलणं आणि पगाराची यादी म्हणजे बँक फाइल बँकेकडे सोडणं ही दोन्ही कामं एचआर मॅनेजरच्याच लॉगिनमध्ये असतील, तर मध्ये अडवणारं कोणीच नाही. म्हणून ते दोन वेगळे रोल हवेत, आणि ते एका माणसाला एकत्र मिळता कामा नयेत, मग हुद्दा काहीही असो. 'छोटी कंपनी आहे, चालतं' हे उत्तर मला पटत नाही. बँक फाइल सोडायची टिक मालकाने स्वतः करावी, महिन्यातून एकदाच तर करायची असते.

रोल दिला म्हणजे काम संपलं असंही नाही. रोल सांगतो काय करता येईल, पण कोणाच्या नोंदींवर ते वेगळं ठरवावं लागतं. रबाळे प्लांटच्या टाइम ऑफिसला हजेरी दुरुस्त करता यावी, पण रबाळ्याचीच, वाशी ऑफिसची नव्हे. मुंबईतच घडलेल्या फ्रॅपे एचआर या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रोलच्या जोडीला 'यूजर परमिशन' लावतात, आणि पगारासारखे नाजूक रकाने ० ते ९ पैकी वरच्या परमिशन लेव्हलला ठेवता येतात, म्हणजे त्या लेव्हलची परवानगी असलेल्या रोललाच ते दिसतात. तिथे एका माणसाला चार रोल दिले तर चारींच्या परवानग्यांची बेरीज होते. त्यामुळे ऐरोलीहून तुर्भ्याला बदली झालेल्या माणसाला नवा रोल देताना जुना काढला नाही, तर तो तसाच चालू राहतो. हुद्दा तोच असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गणपतीत तर वेगळीच गंमत. साहेब कोकणात, रेंज नाही, आणि रजा मंजुरीचे अर्ज तुंबलेले. निघताना साहेबांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून असिस्टंटला दिलेला असतो. म्हणजे साहेबांचे सगळेच रोल दिले, मंजुऱ्याही साहेबांच्याच नावावर लागणार. त्यापेक्षा फक्त रजा मंजुरीचं काम ठरावीक तारखांपुरतं असिस्टंटच्या स्वतःच्या लॉगिनला द्यावं. लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केलं त्याच्या नोंदीत, खरं नाव राहतं. पासवर्ड असा फिरवणं महागातही पडू शकतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि एचआरच्या डेटाबेसमध्ये आधार, पॅन, बँक खातं सगळंच एका जागी पडलेलं असतं.

कोणी राजीनामा दिला की आयटी शेवटच्या दिवशी लॉगिन बंद करतं. योग्यच आहे, पण फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या देण्याघेण्याचा, हिशेब त्यानंतर होतो आणि फॉर्म १६ जूनमध्ये निघतो. मग माजी कर्मचारी एचआरला फोन करत बसतात. त्यासाठी 'माजी कर्मचारी' असा एक रोल करून ठेवावा, वैयक्तिक ईमेलवर चालणारा: स्वतःच्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ डाउनलोड करता येतील, बाकी काही नाही. हुद्दा तोवर उरलेला नसतो, त्याने काही अडत नाही.