उसन्या पात्रांचा महिना

महिनाभर रोज एक चित्र, एखादा प्रसंग किंवा हजार-दीड हजार शब्द. विषय पुराणकथेचा, नाहीतर आवडत्या मालिकेतल्या पात्रांचा. सोबतीला तेच करणारे अनोळखी लोक. असे सर्जनाचे महिने म्हणजे इंटरनेटची नवी टूम, असं अनेकांना वाटतं. महिन्याची मुदत खरंच अलीकडची आहे, पण दुसऱ्याच्या पात्रांना हात घालण्याची खोड फार जुनी.

वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेलं महाभारत सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगतो. म्हणजे पुनर्कथन या ग्रंथाच्या चौकटीतच आहे. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ नाटकात मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाविषयी सहानुभूती वाटू लागते. रोमन कवी व्हर्जिलने ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातला दुय्यम योद्धा ईनियस उचलला आणि त्याच्यावर रोमचं महाकाव्य उभं केलं. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) नावावर तर शंभराच्या आसपास रामायणं आहेत. त्यातलं ‘निरोष्ठ रामायण’ ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून रचलेलं, म्हणजे नायकाच्या नावातला ‘म’च वर्ज्य! कथा सर्वांना पाठ असल्यावर कस लागतो तो सांगण्याचा. आजचे चाहते ‘रोज एक अट’ घालून घेतात, ती याच जातीची.

मग भांडण कधी सुरू झालं? माझ्या मते छापखान्यामुळे. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आला आणि खपला. लेखक दुसरा भाग पुरा करेपर्यंत, १६१४ मध्ये, आव्हेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी स्वतःचाच ‘दुसरा भाग’ छापून मोकळा झाला. सर्व्हांतेसने १६१५ च्या अस्सल भागातच त्याची परतफेड केली. खानावळीत शेजारच्या खोलीत दोघे जण तोतया पुस्तक वाचताना नायक डॉन किहोतेला ऐकू येतात. प्रेयसी डल्सिनियावरचं त्याचं प्रेम आटल्याचं त्यात लिहिलंय, हे कळल्यावर तो खवळतो. तोतया नायक सारागोसाला गेला होता, म्हणून हा मुद्दाम बार्सिलोनाची वाट धरतो. एवढ्यावर भागत नाही. त्या पुस्तकातलंच एक पात्र पुढे याला भेटतं आणि ‘मी भेटलो होतो तो हा नव्हे’ असा रीतसर लेखी जबाब देतं. चाहता आणि लेखक यांच्यातलं इतकं चविष्ट भांडण पुढे क्वचितच झालं असेल.

१७१० च्या ब्रिटिश कायद्याने छपाईचा हक्क लेखकाला १४ वर्षांसाठी दिला. पात्रांवरची मालकी कायद्यात यायला आणखी बराच काळ गेला. तरी सगळेच लेखक कंजूष नव्हते. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, तेव्हा वाचकांनी संतापून पत्रं लिहिली. पुढे नट विल्यम जिलेटने नाटकासाठी होम्सचं लग्न लावू का असं विचारलं, तर डॉयलचं उत्तर आलं: लग्न लावा, खून करा, हवं ते करा.

आधुनिक चाहतावर्गाची मुळं पत्रांच्या पानात आहेत. ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक १९२६ मध्ये निघालं. त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. झालं, वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहू लागले. त्यातून मंडळं निघाली, मंडळांतून हौशी पत्रिका निघाल्या. ‘स्टार ट्रेक’ मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ‘स्पॉकनेलिया’ ही तिला वाहिलेली पत्रिका आली. अशा पत्रिका बऱ्याचदा सायक्लोस्टाइल करून टपालाने जात. त्यांच्या लेखिका-संपादकांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे एरवी सांगायचं राहून जातं. टोकियोत १९७५ मध्ये ३२ गटांच्या सहभागाने भरलेला हौशी चित्रकथांचा बाजार, कॉमिकेट, पुढे अवाढव्य झाला.

महिन्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली. क्रिस बेटीने जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात २१ जणांना जमवून महिन्यात कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला, कारण त्या खराब हवेत बाहेर पडावंसं वाटत नाही. लक्ष्य ५०,००० शब्दांचं, म्हणजे रोज साधारण १,६६७. या वेगाने चांगली कादंबरी होते की नाही, हा प्रश्नच गैरलागू होता, कारण कच्चा खर्डा पुरा होणं एवढंच अपेक्षित होतं. चित्रकार जेक पार्करने २००९ मध्ये शाईचा हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायला सुरुवात केली, तोच ‘इंकटोबर’. चाहत्यांनी ही चौकट सहज उचलली: आज खलनायकाची बाजू, उद्या वेगळा शेवट, परवा पुराणातली देवता आजच्या शहरात.

चाहत्यांच्या लेखनाचं संग्रहस्थळ ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘इंकटोबर’ या नावाचं व्यापारचिन्ह झाल्यावरून वाद पेटला. त्या नावाने आपली चित्रं विकणाऱ्या काही चित्रकारांना माल हटवण्याच्या नोटिसा गेल्या आणि पार्करला खुलासा करावा लागला. बेटीच्या उपक्रमातून उभ्या राहिलेल्या संस्थेने २०२५ मध्ये गाशा गुंडाळला. नोव्हेंबरात कादंबरी लिहायला मात्र तिची परवानगी कधीच लागत नव्हती.