मातीचा ग्रीक घोडेस्वार: खेळणं की आणखी काही?

प्राचीन ग्रीसमधल्या भाजलेल्या मातीच्या घोडेस्वाराचा फोटो दिसला की खाली ‘लहान मुलांचं खेळणं’ असं हमखास लिहिलेलं असतं. चूक आपलीच, वस्तू छोटी आणि ओबडधोबड दिसली की आपण ती पोरांच्या हाती देऊन मोकळे होतो.

बिओशिया प्रांतातले इसवी सनपूर्व 6 व्या शतकातले घोडे नीट पाहा. चार पाय म्हणजे खाली निमुळते होणारे खुंट. स्वाराला बहुधा पायच नसतात, धड थेट घोड्याच्या पाठीतून उगवतं. चेहरा चिमटीने दाबलेला, चोचीसारखा. अंगावर काळपट-तपकिरी पट्टे. पण हे सापडतात कुठे? मोठ्या संख्येने थडग्यांमध्ये. सायप्रसमध्ये कूरिऑनच्या अपोलो-मंदिरात तर असे स्वार ढिगाने निघाले: देवाला वाहिलेले. घोडा पाळणं श्रीमंतांचं काम. अथेन्समध्ये वरच्या एका वर्गाचं नावच ‘हिप्पेइस’, म्हणजे घोडेस्वार. मातीचा घोडा मात्र बऱ्याच जणांना परवडत असावा.

खेळण्यातले घोडे नव्हतेच असं नाही. चाकांच्या आसासाठी भोकं पाडलेले घोडे मिळाले आहेत, पण त्यांतलेही काही मुलांच्या थडग्यांतलेच.